क्लच सुटत नाही, मागून टक्क वाजतं: एमजीबीचं इंजिन उतरवण्याआधी

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते लिहितो, चुकलं असेल तर सांगा. गाडी १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तारांच्या आऱ्यांची वायर व्हील्स आणि ओव्हरड्राइव्हसह (गिअरबॉक्सच्या मागचा जास्तीचा गिअर, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा). इंग्लंडात लेस्टरला घरामागच्या शेडमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल झाकून उभी होती. बाहेर काढल्यापासून रिव्हर्स टाकताना करकरते, पहिला कधी पडतो, कधी अडतो. पेडल दोन-तीनदा मारलं की जरा बरं होतं. गाडी निघताना आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताना मागून ‘टक्क’ वाजतं. शिवाय मोटरवेच्या चढावर ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि सांगितलं, ‘क्लच गेला, इंजिन-गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ तुम्ही विचारताय, उतरवू द्यावा का?

अजून नको. यामागचं कारण सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न दर वसंतात कुणी ना कुणी विचारतो.

तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि गॅरेजवाल्याने तिन्ही एका नावाखाली घातल्यात. पण त्या एकमेकींशी जुळतात का, ते बघा. रिव्हर्स करकरतो म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. चढावर फेरे वाढतात, वेग वाढत नाही, म्हणजे क्लच नीट धरत नाही. एकच क्लच एकाच वेळी सुटतही नाही आणि धरतही नाही, असं फार क्वचित होतं. प्लेटवर तेल येऊन ती चिकटली तर होऊ शकतं, पण मग गाडी निघताना थरथरते, आणि तुम्ही थरथरीचा उल्लेख केलेला नाही. म्हणून मी इथे तीन वेगळे दोष धरून चालतो. पन्नास वर्षांच्या गाडीत तीन दोष एकदम असणं काही नवल नाही.

माझी ओळख थोडक्यात. मी कोल्हापुरात अँबॅसिडरवर हात काळे करत शिकलो. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. त्यामुळे इंग्लंडात येऊन पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा गावाकडचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की अँबॅसिडर रोज रस्त्यावर असायची. या गाड्या वर्षातला अर्धा काळ उभ्या असतात, आणि उभ्या गाडीचे रोग वेगळे.

एमजीबीत क्लच प्लेट बदलायची तर इंजिन वर उचलावंच लागतं, एकटं किंवा गिअरबॉक्ससह. गिअरबॉक्स एकटा खालून काढायची सोय नाही. म्हणून इथे ‘क्लच गेला’ हे वाक्य महाग पडतं. आणि क्लच न सुटण्याची जितकी कारणं बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत असतात, तितकीच किंवा त्याहून जास्त बाहेर असतात. ती बाहेरची कारणं तुम्ही शनिवारच्या एका सकाळी तपासू शकता.

सुरुवात रिव्हर्सच्या करकरीपासून. या गिअरबॉक्सला रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) नाही, त्यामुळे थोडी करकर निरोगी गाडीतही होते. क्लच दाबल्यावर आतला शाफ्ट क्षणभर फिरत राहतो, एवढंच त्याचं कारण. चाचणी अशी करा. इंजिन गरम, गाडी सपाट जागी, समोर-मागे कुणी नाही. पेडल पूर्ण दाबा, आधी तिसरा टाका. तिसऱ्याला सिंक्रो आहे, तो शाफ्ट थांबवतो. मग न्यूट्रल करा, पाय तसाच दाबलेला ठेवा, मनात दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. गिअर मुकाट्याने पडला तर क्लच सुटतोय, तुमची करकर घाईची होती. दहा आकड्यांनंतरही करकरला तर थांबलेला शाफ्ट कुणीतरी पुन्हा फिरवतंय, म्हणजे क्लच खरोखर ओढतोय. पहिल्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलेलं असताना गाडी पुढे सरकू बघत असेल तर ओढ जोराची आहे.

तुमच्या वर्णनावरून करकरेल असं मी गृहीत धरतो. आता खालून मोजायचं.

गाडी जॅकवर उचला, पण जॅकवर ठेवू नका. स्टँडवर ठेवा, टेकलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कधी शिरत नाही आणि तुम्हीही शिरू नका. इंजिन बंद. बेल हाउसिंगच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर दिसेल, त्यातून एक दांडी बाहेर येऊन क्लचच्या फोर्कला ढकलते. घरातल्या कुणाला तरी पेडल सावकाश तळापर्यंत दाबायला सांगा आणि दांडी किती सरकते ते पट्टीने मोजा. चांगल्या गाडीत ती साधारण १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच सरकते. या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून दोनदा मोजा.

आकडा १२ च्या आसपास असेल तर पेडलपासून स्लेव्हपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष पुढे आहे. १० च्या खाली असेल तर दोष मागे, पेडलच्या बाजूला आहे, आणि इंजिनाला हात लावायची गरज नाही.

माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे, कारण पेडल दोन-तीनदा मारल्यावर सुधारतं असं तुम्ही लिहिलंय. अडकलेली प्लेट किंवा वाकलेला क्लच पेडल मारण्याने सुधारत नाही. द्रवाचा दाब किंवा हालचाल कमी पडत असेल तरच तसं होतं.

इथे सगळ्यात जास्त दुर्लक्षित होते ती एक पिन. इंजिनच्या खोलीत मास्टर सिलिंडरजवळ (पेडल दाबलं की स्लेव्हकडे द्रव ढकलतो तो) पेडलबॉक्सचं पत्र्याचं झाकण असतं, स्क्रूंनी बसवलेलं. ते काढलं की मास्टरची दांडी पेडलला जिथे जोडली आहे ती आडवी पिन दिसते. ती पिन वर्षानुवर्षं घासून बारीक होते, पेडलचं गोल भोक लांबट होतं. पेडल दाबताना सुरुवातीची हालचाल ही ढिलाई भरून काढण्यातच जाते. पायाला फारसं कळत नाही, क्लचला कळतं. हिशेब करून बघा. मास्टरचा बोअर पाऊण इंच, स्लेव्हचा सव्वा इंच. म्हणजे मास्टरचा पिस्टन ३५ मिलिमीटर आत गेला की स्लेव्हचा जेमतेम साडेबारा बाहेर येतो. पिनेपाशी ५ मिलिमीटर वाया गेले तर स्लेव्हपाशी जवळजवळ २ मिलिमीटर कमी पडतात, आणि एवढ्यात सुटणारा क्लच ओढायला लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इंग्लंडातल्या दुसऱ्या वर्षी अशाच तक्रारीच्या गाडीचं मी इंजिन उतरवलं, नवा क्लच बसवला, सगळं जोडलं, आणि करकर तशीच. दोन दिवसांनी झाकण काढून बघितलं तर पिन कमरेत निम्मी झालेली. मालकाकडून त्या कामाचे पैसे घ्यायला माझा हात धजावला नाही, आणि त्या दिवसापासून झाकण आधी काढतो, जॅक नंतर.

भोक लांबट असेल तर ते वेल्डने भरून पुन्हा पाडता येतं किंवा बुश घालता येतं. नुसती नवी पिन जुन्या भोकात घालून निम्मंच काम होतं. मास्टरच्या दांडीच्या टोकाचं भोकही बघा, तेही तसंच लांबटतं.

पिन चांगली निघाली तर पुढचा संशय हवेवर आणि सीलवर. मदतनिसाला पेडल तळाशी मिनिटभर दाबून धरायला सांगा आणि दांडीकडे बघत राहा. ती हळूहळू मागे येत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल तर मास्टरच्या आतला सील द्रव मागे सोडतोय. गळतीसाठी दोन जागा बघा: स्लेव्हच्या रबरी टोपीखाली ओलं आहे का, आणि मास्टरखाली पेडलच्या बाजूने थेंब ओघळलेत का. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सील कोरडा पडतो, बोअरला गंजाचे ठिपके धरतात, आणि पहिल्या आठवड्यात सगळं समोर येतं. असा ठिपकेदार सिलिंडर घासून नवं रबर घालण्यापेक्षा मी सिलिंडरच बदलतो. रबरी नळी जुनी असेल तर तीही त्याच वेळी बदला. आतून फुगलेली नळी पेडलचा दाब खाते. आतून बुजलेली नळी द्रव परत येऊ देत नाही, मग पेडल सोडल्यावरही क्लच उशिरा धरतो.

हवा काढणं या गाडीत चिवट काम आहे. वरून पेडल मारून येत नसेल तर खालून, स्लेव्हच्या निपलमधून, स्वच्छ पिचकारीने द्रव वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिच्या वाटेने गेलं की लवकर निघते. आधी मास्टरच्या डब्यातला द्रव थोडा कमी करा, नाहीतर वरून उतू जाऊन रंग खाईल. द्रव डॉट ४. आधीच्या मालकाने सिलिकॉनचा डॉट ५ भरलेला असेल तर तो यात मिसळू नका, त्याला विचारून घ्या.

आता समजा आकडा पूर्ण १२ आला. मग आधी दांडी आणि फोर्क यांच्यामधली पिन बघा. दांडी पूर्ण सरकते पण फोर्क कमी सरकतो, असं झालं तर पुन्हा पिनच दोषी. फोर्कही पूर्ण सरकत असेल तर मात्र दोष आत आहे. त्यात तुमच्या बाबतीत पहिली शक्यता प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाला, गंजाने चिकटण्याची. इंग्लंडच्या दमट हिवाळ्यात हे नेहमी घडतं. पण त्यात क्लच ‘अर्धवट’ ओढत नाही, अजिबात सुटत नाही. इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही. म्हणून तुमच्याकडे ती शक्यता मी कमी धरतो. दुसरी शक्यता स्पिगॉट बुशची: क्रँकच्या टोकातला ब्राँझचा छोटा बुश, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक फिरतं. तो कोरडा पडला की क्लच सुटलेला असूनही शाफ्ट हलका फिरत राहतो. खूण अशी की रिव्हर्स करकरतो, पण पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून उभी असलेली गाडी पुढे सरकत नाही. या दोन्हींसाठी इंजिन उतरवावंच लागतं, तिथे गॅरेजवाल्याशी माझा वाद नाही.

रिलीज बेअरिंगबद्दल दोन शब्द. एमजीबीत ते गोळ्यांचं नाही, कार्बनचं आहे, एक काळी कडी. पेडलवर पाय टेकवून ठेवला की ती झिजत राहते. आपल्यापैकी ज्यांनी पुण्या-मुंबईच्या गर्दीत गाडी शिकली, त्यांना सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असते. या गाडीत ती सवय सोडा. न्यूट्रल करा, पाय उचला. बाजारात गोळ्यांचं बदली बेअरिंग मिळतं. चांगल्या प्रतीचं कार्बन आणि मोकळा पाय, या जोडीवर माझा जास्त विश्वास आहे, पण दुसरं मत असणारे चांगले मेकॅनिक मला माहीत आहेत.

आवाजावरूनही थोडं कळतं. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं किंवा ले-शाफ्टचं (गिअरबॉक्समधल्या दुय्यम शाफ्टचं) बेअरिंग. चौथ्यात शांत आणि बाकी सगळ्या गिअरांत घरघर असेल तर ले-शाफ्टवर बोट ठेवा, कारण चौथा थेट जातो आणि ले-शाफ्टवर भार येत नाही.

दुसरी तक्रार, चढावर फेरे वाढण्याची. इथे मला गॅरेजवाल्याचं निदान अजिबात पटत नाही. तुम्ही लिहिलंय, ‘ओव्हरड्राइव्हमध्ये’. थेट चौथ्यात होत नाही ना? मुद्दाम करून बघा. तोच चढ, तोच वेग, ओव्हरड्राइव्ह बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. क्लचवर जो जोर येतो तो इंजिनाचा असतो, मागे ओव्हरड्राइव्ह लागलाय की नाही याचा क्लचशी संबंध नाही. थेट चौथ्यात तो पूर्ण जोर धरत असेल तर ओव्हरड्राइव्हमध्येही धरेल. तेव्हा घसरतंय ते ओव्हरड्राइव्हच्या आतलं.

याची आणखी एक खूण टॅकोमीटरवर दिसते. या गाडीत ताशी ६० मैलांना थेट चौथ्यात फेरे साधारण ३,३०० आणि ओव्हरड्राइव्हमध्ये २,७०० असतात. ओव्हरड्राइव्ह घसरला तर काटा ३,३०० पर्यंत चढतो आणि तिथे अडतो, कारण आतला एका दिशेचा क्लच थेट चौथ्याचं काम हाती घेतो. खरा क्लच घसरला तर काट्याला असा अडसर नसतो, तो वर जातच राहतो. पुढच्या वेळी सोबत कुणाला तरी घ्या आणि काटा बघायचं काम त्याला द्या.

ओव्हरड्राइव्ह घसरत असेल तर आधी तेल बघा. गिअरबॉक्स आणि लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह एकाच तेलावर चालतात, आणि त्याचा दाब त्याच तेलातून तयार होतो. तुमच्या सालच्या गाडीत बोगद्यावरच्या गालिच्याखाली रबरी बूच असतं, त्याखाली डिपस्टिक. नंतरच्या गाड्यांत बाजूला लेव्हल प्लग आला. तेल इंजिनाचंच, २०डब्ल्यू-५०. ईपी ९० मागच्या डिफरन्शियलमध्ये जातं, इथे नाही. गिअरबॉक्समध्ये कुणी गिअर ऑइल भरलेलं असेल तर सिंक्रोच्या कड्यांनाही ते मानवत नाही. तेल बदला, ओव्हरड्राइव्हच्या तळाची जाळी साफ करा, मग बोलू. निम्म्या गाड्या माझ्याकडे इथवरच येतात. आणि ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स कधी घेऊ नका, तो एका दिशेचा क्लच तुटतो. गाडीत त्यासाठी एक रोखणारा स्विच आहे, पण वायरिंगमध्ये कुणी हात घातला असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

तेलावरून आठवलं. बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक आहे, त्यात एक स्प्लिट पिन सैल लटकत असते. ती हलत राहते म्हणून भोक बुजत नाही. तिथून तेल ठिबकत असेल तर क्लचवर तेल जातंय का हा प्रश्न येतो. इतर गाड्यांत वासावरून इंजिनाचं तेल की गिअरबॉक्सचं हे कळतं. इथे दोन्हीकडे एकच तेल, म्हणून रंग बघा. काळं असेल तर इंजिनाचा मागचा सील, स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सचा पुढचा. कोरडं भोक ही चांगली बातमी.

राहिली टक्क. ती क्लचची नाही. गाडी निघताना आणि पाय काढताना वाजते म्हणजे जोराची दिशा बदलताना मागे कुठेतरी मोकळी जागा भरली जाते. वायर व्हीलच्या गाडीत पहिला संशय हबच्या स्प्लाइनवर, म्हणजे हब आणि चाक ज्या दातांनी एकमेकांत बसतात त्यांच्यावर. मागचं एक चाक उचला, हँडब्रेक घट्ट ओढा, चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा. ब्रेकने हब धरलाय, त्यामुळे चाक त्यावर जराही हलता कामा नये. टिकटिक करत हललं तर स्प्लाइन झिजल्यात. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर तेही लवकर झिजतं, म्हणून हब आणि चाक जोडीने बदला. स्प्लाइन कोरड्या असतील तर तेवढ्यावर ग्रीस लावा, शंकूच्या बसण्याच्या जागाही पुसून घ्या.

चाक घट्ट असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे). शाफ्ट हाताने पिळा आणि जॉइंटच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलतात का ते बघा. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर क्रॉस कोरडा फिरतोय. तोही घट्ट असेल तर डिफरन्शियलच्या आत प्लॅनेट गिअरांमागे पातळ वॉशर असतात, ते झिजतात. तुमच्या गाडीचा अ‍ॅक्सल मागे झाकण असलेला, नळीच्या आकाराचा आहे, त्यामुळे अ‍ॅक्सल न उतरवता झाकण काढून ते बदलता येतात. अर्थात ‘टक्क’ किती मोठी आहे त्यावर घाई ठरते. या गाड्यांत थोडा खेळ जन्मापासून असतो, आणि वॉशरची टक्क घेऊन लोक वर्षानुवर्षं चालवतात. क्रॉस किंवा स्प्लाइनची टक्क घेऊन चालवू नये.

क्रम सांगतो: शनिवारी पेडलबॉक्सचं झाकण, मग स्लेव्हची मोजणी, मग मागचं चाक हलवणं. रविवारी गिअरबॉक्सचं तेल आणि चढावरची चाचणी. हे सगळं होऊन इंजिन उतरवायचंच ठरलं, तर त्याच खेपेला प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, स्पिगॉट बुश, फोर्कच्या पिव्हटचा बुश आणि इंजिनाचा मागचा सील, सगळं बदलून घ्या. नवा ब्राँझ बुश बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

गॅरेजवाल्याला तारीख देण्याआधी मला चार गोष्टी कळवा: दांडी किती मिलिमीटर सरकली, मिनिटभर धरल्यावर मागे आली का, हँडब्रेक ओढलेला असताना चाक हललं का, आणि चढावर काटा कुठे थांबला. पिनेचा फोटो काढता आला तर तोही पाठवा.